पुराची रंगीत तालीम सॉफ्टवेअरवर बसवतोय (सोलापूर), अनुभवी मंडळींनी मार्ग दाखवा

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माझं आजोळ, मोहोळ तालुक्यातलं, पाण्यात होतं. लांबोटीपाशी पुणे महामार्ग बंद, मी शहरात अडकलेलो आणि हातात फक्त फोन. मामाच्या वस्तीवर सात माणसं आणि चार जनावरं अडकल्याचा निरोप मी तीन ठिकाणी दिला. तिन्ही ठिकाणी तो नीट लिहून घेतला. पुढे काय झालं ते मात्र तिन्हीकडे कुणालाच सांगता येईना. शेवटी शेजारच्या गावातल्या पोरांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसवून सगळ्यांना बाहेर काढलं. माणसं वाचली. एक म्हैस गेली, ती मामी अजून विसरलेली नाही.

फोन उचलणारी माणसं कामचुकार नव्हती. अशा रात्रीला ती पहिल्यांदाच बसली होती, एवढंच. तेव्हाच ठरवलं की ही रात्र आधी कुठेतरी खोटी खोटी होऊन गेली पाहिजे. म्हणून चार मित्र, दोन निवृत्त अधिकारी आणि इंजिनिअरिंगची काही मुलं मिळून एक सराव तयार करतोय. एका हॉलमध्ये नियंत्रण कक्ष मांडायचा, भाग घेणाऱ्यांना लॅपटॉप आणि फोन द्यायचे, आणि आम्ही लिहिलेले निरोप ठरलेल्या वेळी त्यांच्याकडे जात राहतील. त्यांनी बोट, ट्रक, शाळा, रुग्णवाहिका यांची जुळवाजुळव करायची. सॉफ्टवेअर सगळं नोंदवत राहणार.

पहिली चाचणी बारा जणांवर घेतली आणि ती फसली. ३६ तासांचा पूर ४ तासांत बसवला होता. निरोप ११२. प्रत्येक निरोपाखाली मी 'पाहिले' असं हिरवं बटण दिलं होतं. पहिल्या वीस मिनिटांत सगळ्यांना कळलं की बटण दाबलं की निरोप यादीतून जातो. मग टकाटक बटणं दाबणं सुरू. माझ्या पडद्यावर तक्ता सुंदर दिसत होता, ११२ पैकी १०९ 'हाताळले'. आणि भिंतीवरच्या नकाशात एकही टाचणी लावलेली नव्हती.

आता विचारतो. निरोप किती असावेत? घड्याळ किती वेगानं पळवावं? आणि पुढे काय येणार ते लोकांना आधी सांगावं की नाही?

पार्क चौक

दादा, कल्पना जबरदस्त. मी तिसऱ्या वर्षाला आहे, फुकट काम करायला तयार आहे. निरोप हातानं कशाला लिहिता? एआयकडून हजारभर तयार करून घेऊ. नकाशावर पाणी चढताना दाखवू, उंचीची माहिती उपग्रहाच्या नकाशांतून घेता येते. गाव बुडालं की लाल होणार. बघणारा हादरला पाहिजे!

जुना फेरफार

मी महसुलात ३१ वर्षं काढली, आता घरी आहे. पावसाळ्यात तहसीलच्या नियंत्रण कक्षात किती रात्री बसलो त्याची मोजदाद नाही. सीनाकाठ, तुमचं बटण वाचून मला आमचं रजिस्टर आठवलं. त्यात रकाने होते: अनुक्रमांक, वेळ, कोणाकडून, मजकूर, कोणाला कळवले. शेवटच्या रकान्यात नाव पडलं की बाबूच्या मनातून तो निरोप उतरायचा. बटण आणि तो रकाना एकच.

एका पावसाळ्यात आमच्या एका मंडळ अधिकाऱ्यानं त्या रजिस्टरला स्केलपट्टीनं आणखी एक रकाना आखला: 'परत कळवले का'. ज्यानं निरोप दिला त्याला उलट फोन करून सांगायचं, की तुमची बोट निघाली आहे, किंवा बोट नाही, तुम्ही शाळेच्या गच्चीवर जा. तेव्हा आम्ही कुरकुरलो, कारण काम दुप्पट झालं. पण पहाटेपर्यंत लक्षात आलं की तेच तेच फोन येणं कमी झालं. ज्याला उत्तर मिळालं तो पुन्हा फोन करत नाही, आणि लाइन दुसऱ्यासाठी मोकळी होते.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पाहिले' काढून टाका. परतीचा निरोप गेला तरच तो विषय मिटला असं धरा.

आणि पार्क चौक, बाळा, हजार निरोप नकोत. नुसतं एवढंच पाठव: "दारफळात पाणी शिरलं, बोट पाठवा." बघ काय होतं ते.

पार्क चौक

काका, दारफळला बोट पाठवतील ना? त्यात काय अवघड?

जुना फेरफार

कोणत्या दारफळला? माढ्यात सीनेकाठी एक दारफळ. उत्तर सोलापूर तालुक्यात बीबी दारफळ वेगळं आणि गावडी दारफळ वेगळं. फोन करणारा "दारफळ" एवढंच म्हणतो, कारण त्याच्या जगात दारफळ एकच असतं. तालुका तुम्ही विचारायचा. पाणी गळ्याशी आलेला माणूस काही तालुका सांगत बसत नाही.

हिंजवडी रिटर्न

काकांनी लाखातलं सांगितलं. मी पुण्यात दहा वर्षं सर्व्हर बंद पडल्यावर धावपळ करणाऱ्या टीममध्ये होते, नंतर अशा टीमांचे सराव बसवायचं कामच माझ्याकडे आलं. आता सोलापुरातून घरूनच करते. माझ्याकडचं देते, पुराला किती लागू पडेल ते तुम्ही ठरवा.

सराव म्हणजे आधी एक तक्ता. आम्ही त्याला इंजेक्टची यादी म्हणायचो. त्यात वेळ, निरोप कोणाचा, कोणाला, कशावरून (फोन, व्हॉट्सॲप, वायरलेस, प्रत्यक्ष आलेला माणूस), मजकूर, आणि त्यावर काय व्हावं अशी आपली अपेक्षा. एवढं सगळेच लिहितात. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात: अपेक्षित गोष्ट झाली नाही तर जग पुढे काय करेल. बोट गेली नाही तर वीस मिनिटांनी त्याच वस्तीवरून बाईचा फोन यायला हवा, आता आवाज चढलेला. तासाभरानं सरपंचाचा. मग पत्रकाराचा. हा रकाना लिहिताना तुम्हाला तुमचा पूर कळायला लागतो.

या फांद्या सॉफ्टवेअरमध्ये कोडून ठेवायच्या फंदात पडू नका. मी पडले होते, दोन महिने गेले. माणसं कधी काय विचारतील ते कोडला आधी माहीत नसतं. शेजारच्या खोलीत तीन-चार जाणती माणसं बसवा. सरावात नसलेलं सगळं जग म्हणजे तीच. धरणावरचा अभियंता, तलाठी, बोटवाला, मंत्र्यांचे स्वीय सहायक, सगळे फोन त्यांनी घ्यायचे आणि त्यांनीच करायचे. सॉफ्टवेअरनं घड्याळ सांभाळायचं, टपाल वाटायचं आणि नोंदवही ठेवायची.

ही शेजारची खोली फार जुनी आहे. अपोलो ११ च्या वेळी नासात सराव घेणाऱ्यांची वेगळी टीम होती. जुलै १९६९ च्या सुरुवातीला एका सरावात त्यांनी चांद्रयानाच्या संगणकाचा एक विचित्र अलार्म वाजवला. समोरच्या तरुण अभियंत्याला तो ओळखता आला नाही आणि त्यानं उतरणं रद्द करायला सांगितलं. सराव संपल्यावर कळलं की रद्द करायची गरज नव्हती. मग त्यांनी झाडून सगळ्या अलार्मची यादी केली, कशावर थांबायचं आणि कशावर नाही. २० जुलैला खरोखर उतरताना तसाच अलार्म वाजला, १२०२. यादी तयार होती, म्हणून 'पुढे चला' असं काही सेकंदांत सांगता आलं. आधीची ती चूक सरावात झाली, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, शहर उघड करत नाही. या धाग्यावर सगळे निरोप आणि तक्त्यांवर बोलताय, मला सरावाला बसणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे.

मी ज्या रुग्णालयात होते तिथे एक सराव झाला. मोठा अपघात, तीस जखमी, असा निरोप आला. कुणीतरी तो कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, तिथून बाहेर गेला. अर्ध्या तासात गेटवर माणसं रडत उभी. एका म्हातारीचा मुलगा त्याच रस्त्यानं रोज जायचा. मी तिला हाताला धरून सांगत होते, आजी, खरं नाही, सराव आहे. तिला 'सराव' म्हणजे काय ते कळत नव्हतं. ती चप्पल न घालता आली होती.

म्हणून हात जोडून सांगते. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'सराव' हा शब्द हवा. आवाजी निरोप असेल तर तोंडानं म्हणा. भाग घेणाऱ्यांचे स्वतःचे फोन बाहेर पेटीत ठेवा.

आणि दुसरं. त्या सरावानंतर सगळ्यांसमोर पडद्यावर नावं लावून कुणी किती मिनिटं उशीर केला ते दाखवलं. माझ्या हाताखालची नवी मुलगी महिनाभर गप्प होती. खऱ्या प्रसंगात तीच मुलगी विचारायला घाबरली असती. नावं लावू नका.

हिंजवडी रिटर्न

ताई, तुमचं पहिलं म्हणणं किती खरं आहे ते हवाईत दिसलं. १३ जानेवारी २०१८ ला सकाळी तिथल्या सगळ्यांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. पाळी बदलताना सराव चालला होता. सरावाच्या निरोपात आगेमागे 'सराव, सराव, सराव' होतं, पण मध्येच 'हा सराव नाही' असंही वाक्य होतं. ऐकणाऱ्यानं खरं धरलं. फोनवर दुरुस्तीचा निरोप यायला ३८ मिनिटं लागली. तेव्हा सीनाकाठ, खरेपणा आणायच्या नादात मजकुरात 'हा सराव नाही' हे शब्द चुकूनही घालू नका.

२०२३ मध्ये आपल्याकडे सगळ्यांचे मोबाईल एकदम कर्कश वाजले होते ते आठवतं ना? त्या संदेशात नमुना चाचणी आहे, काही करायची गरज नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी माझी सासू पलंगाखाली शिरली होती.

नावाडी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी नदीकाठचा. हॉल, लॅपटॉप, नासा. तेवढ्या पैशात काठावरच्या गावांना दोन बोटी आणि वीस लाइफ जॅकेट येतील. पूर आला की आम्हाला बोट लागते, तक्ता नाही.

जुना फेरफार

नावाडी, राग कसला. तुमचं म्हणणं मी तुमच्याच बाजूनं बसून ऐकलं आहे, काठावर. पण एका पुरात आमच्याकडे बोट होती, आणि ती चार तास एका शाळेच्या मैदानात ट्रॉलीवर उभी होती. चालक हजर, डिझेल भरलेलं. आमच्या माहितीप्रमाणे ती निघून गेली होती, आणि त्यांना वाटत होतं की निरोप यायचा आहे. त्या चार तासांचं अजून मनातून जात नाही. बोटी पाहिजेतच. आणि बोट कुठं आहे हे रात्री दोनला सांगू शकणारा माणूसही पाहिजे.

नावाडी

हे आमच्याकडे घडलंय. एवढ्यासाठी असेल तर घ्या सराव. पण बोटवाल्यालाही बोलवा. नेहमी साहेबच बसतात.

सीनाकाठ

नावाडी, तुम्हीच या. शेजारच्या खोलीत बसून बोटवाल्याचे फोन तुम्ही घ्या. हा शब्द द्या.

पार्क चौक

मला एक कळत नाही. बोटींची यादी आपल्या डेटाबेसमध्ये असेल ना? मग प्रत्येक बोट कुठे आहे ते सॉफ्टवेअर दाखवेल. प्रश्नच मिटला.

हिंजवडी रिटर्न

यादीत आहे म्हणजे हाताशी आहे असं नसतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्यानं थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला, जवळपास ३०० जीबी. बॅकअपचे पाच मार्ग होते. त्या रात्री कळलं की त्यातला एकही भरवशाचा नाही. योगायोगानं सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं. त्यांनी ते सगळं लपवलं नाही, जगाला दाखवलं, म्हणून आपण त्यातून शिकतो.

तसं इथे यादीतल्या एका बोटीचं इंजिन चालूच होत नाही, असं शेजारच्या खोलीनं सांगायचं. एका शाळेची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक लग्नाला गेलेत. बघा मग कोणाला पर्याय सुचतो.

जोडभावी

सोलापूरचा सराव आणि सगळे निरोप शुद्ध मराठीत? आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात. अक्कलकोटकडे जा, कन्नड. शहरात दख्खनी उर्दू. घाबरलेला माणूस आईच्या भाषेत बोलतो.

माझी आजी विडी वळायची, तिला मराठी समजायचं, पण फोन हातात आला की तेलुगूच. एकदा शेजारच्या नाल्याचं पाणी रात्री गल्लीत शिरलं. आजीनं फोन केला, "नीळ्ळु वच्चायी". पाणी आलं. मी झोपेत म्हटलं, बरं, भरून ठेव. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि 'पाणी आलं' ही हाक गल्लीत आनंदाची असते. बादल्या, घागरी, पिंप, सगळे पळतात. आजी फोनवर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती आणि मी पुन्हा पुन्हा भरून ठेव म्हणत होतो. मग तिनं सांगितलं की चुलीत आलंय.

हा निरोप सरावात घाला. मराठीतही तसाच राहील. "पाणी आलं." दोनच शब्द. कुठलं पाणी, ते विचारणारा माणूस तयार करा.

सीनाकाठ

जोडभावी, तुमचा प्रतिसाद मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. तीही पूर्व भागातली. ती म्हणाली, हे आधीच सुचायला हवं होतं. आवाजी निरोप तेलुगू आणि कन्नडमध्ये रेकॉर्ड करायचे ठरवलं. संगणकाचा आवाज नको, माणसांचाच.

सोबत निरोपांचे पहिले वीस चिकटवतो, चुका काढा. क्रमांक ९ असा आहे: "उजनीतून विसर्ग वाढवल्यामुळे मोहोळ तालुक्यातील सीनाकाठच्या गावांत पाणी शिरले आहे."

हत्तरसंगकर

मालक, नंबर ९ काढा. उजनी भीमेवर आहे. उजनीचं पाणी भीमेनं पंढरपूरकडे जातं, सीनेत नाही. सीनेला पाणी येतं अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडून, सीना-कोळेगाव धरणातून, चांदणी-खासापुरीकडून, भोगावतीतून. भीमेचं सीनेत आणायला बोगदा आहे, तो शेतीचं पाणी द्यायला. सीना आणि भीमा भेटतात आमच्या कुडलला, दक्षिण सोलापुरात. पण तिथं एक गोष्ट होते. भीमा तुडुंब असली की सीनेच्या पाण्याला पुढे जागा मिळत नाही, ते मागे फुगतं. आमच्याकडे पाऊस नसतानाही पाणी चढतं. हे तुमच्या कथेत आलं पाहिजे, कारण वरच्या तालुक्यातला माणूस 'ओसरतंय' म्हणत असतो तेव्हा खालचा बुडत असतो.

पंढरपूरची गोष्ट अजून वेगळी. तिथं उजनीचं येतं आणि नीरा नरसिंहपूरला नीरा मिळते म्हणून वीर धरणाचंही येतं. दोन धरणांचे आकडे दोन ठिकाणांहून येतात. दोन्ही क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी), पण निघायची वेळ वेगळी, पोचायची वेगळी. पाणी कुठून कुठे किती तासांत पोचतं ते जलसंपदा विभागाला विचारून घाला, मनानं नको.

उजनी एकूण ११७ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यात ६३ च्या आसपास मृतसाठा. बातमीत कधी टीएमसी येतो, कधी टक्के, कधी क्युसेक. तुमच्या सरावातही तसंच येऊ द्या. एक निरोप टक्क्यांत, दुसरा क्युसेकमध्ये. खरी रात्र तशीच असते.

जाता जाता, संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, तिथे शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. सरावानंतर सगळ्यांना घेऊन या, जेवण माझ्याकडे. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.

पार्क चौक

जेवणासाठी मी कोणत्याही खोलीत बसायला तयार आहे 🙂

एक प्रामाणिक प्रश्न. सरावाच्या मध्ये जेवणाची सुट्टी आली तर घड्याळ थांबवायचं का?

बाळीवेस

अजिबात थांबवू नका. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. सोलापुरात आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो, भांडी खाली पडलेली. पोलीस आणि महसूल रात्रभर विसर्जनाच्या बंदोबस्ताला होते, नुकते आडवे झाले होते, आणि तसेच उठून निघाले. माझे वडील त्यांतले एक. परत आले तेव्हा बुटांतून पाय निघत नव्हते.

तुमच्या कथेचा दिवस अनंत चतुर्दशीचा ठेवा. पावसाळा संपत आलेला, धरणं भरलेली, माणसं दमलेली, रस्त्यावर मिरवणुका. जेवण पाळीपाळीनं.

हिंजवडी रिटर्न

बाळीवेस, दिवस अगदी बरोबर निवडलात. पण घड्याळाबद्दल थोडं वेगळं सांगते. सीनाकाठनं ३६ तास ४ तासांत बसवले, म्हणजे घड्याळ नऊपट वेगानं. एक फोन करून उत्तर लिहायला माणसाला तीन मिनिटं लागतात, घड्याळ कितीही पळवा, तीनच. नऊपट वेगात ती सत्तावीस होतात. मग समोरचा माणूस विचार सोडतो आणि बटण दाबतो. तुमची चाचणी तिथेही फसली.

पूर्ण रात्र घेऊ नका. तीन तुकडे घ्या, प्रत्येक पाऊण तासाचा, घड्याळ खऱ्या वेगानं. पहिला संध्याकाळी सहाचा, विसर्ग वाढतोय, अजून कोरडं आहे. दुसरा रात्री दोनचा. तिसरा सकाळी सहाचा, आणि इथे पाळी बदला. नवी माणसं आणा, जुन्यांनी दहा मिनिटांत सगळं सोपवून बाहेर जायचं. मधल्या उडीत काय झालं ते एका कागदावर द्या. जेवण उडीच्या वेळात.

पुढे काय येणार ते सांगायचं का? पूर आहे, कुठल्या नद्या, कोणाच्या काय भूमिका, हे सांगा. कोणता निरोप कधी, ते नाही. माणसाला खिंडीत पकडायचं नाही आपल्याला.

पार्क चौक

एक सुचतंय, या वेळी विचार करून. पुरात टॉवर बंद पडतात. आपलं सगळं तर वायफायवर. मग दुसऱ्या तुकड्यात मध्येच मी एक कळ दाबतो आणि व्हॉट्सॲपचा पडदा बंद. फक्त एक लँडलाइन आणि वायरलेस म्हणून दोन वॉकीटॉकी. इंटरनेटही लागायला नको, छोट्या संगणकावर सगळं स्थानिक नेटवर्कवर चालवतो.

जुना फेरफार

बाळा, हे झकास. याच्यापुढे तुझ्या लाल गावांचा हट्ट सोडलास तरी चालेल.

रात्रपाळी

आणि सराव सुरू करायच्या आधी १०७७ आणि ११२ या मदत क्रमांकांना कळवा, जवळच्या पोलीस ठाण्यालाही. थांबवायचा एक शब्द ठरवा. कुणाला खरोखर चक्कर आली, तर कुणीही तो शब्द उच्चारला की सगळं बंद. आमच्याकडे तो नव्हता.

सीनाकाठ

मंडळी, तीन आठवडे गायब होतो. दुसरी चाचणी काल झाली. सविस्तर लिहितो, कारण यात तुम्हा सगळ्यांचे हात आहेत.

चोवीस जण, तीन तुकडे, प्रत्येकी पाऊण तास. निरोप ११२ वरून ४६ वर आणले, त्यातले १४ आवाजी. शेजारच्या खोलीत जुना फेरफार काका, नावाडी, रात्रपाळी ताई आणि जोडभावी. 'पाहिले' बटण काढलं. आता निरोप मिटवायला तीन गोष्टी लागतात: नेमकं ठिकाण, काय ठरलं, आणि कळवणाऱ्याला परतीचा निरोप गेल्याची वेळ. थांबवायचा शब्द 'लाल दिवा' ठेवला, वापरावा लागला नाही.

दारफळचा निरोप रात्री दोनच्या तुकड्यात आठव्या मिनिटाला गेला. टेबलावरच्या चौघांनी बोट बीबी दारफळला पाठवली. कुणालाच वेगळं काही वाटलं नाही. नकाशावर टाचणी लागली, रकाना भरला. तेराव्या मिनिटाला पार्क चौकनं टॉवर पाडला. व्हॉट्सॲप गेलं आणि हॉलमध्ये दोन मिनिटं अशी शांतता होती की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग एका शिक्षिकेनं लँडलाइन स्वतःकडे ओढली, वहीचं पान फाडलं, आणि कोणाला परत कळवायचं राहिलं त्याची यादी हातानं करायला बसल्या. यादीतलं तिसरं नाव दारफळचं. त्यांनी फोन लावला, पलीकडे नावाडी. "बोट निघाली आहे, तुम्ही नेमके कुठे?" तो म्हणाला, "सीनेच्या अल्याड, देवळाच्या ओट्यावर." बाई थांबल्या. नकाशाकडे पाहिलं. बीबी दारफळपाशी सीना नाही. खुर्ची मागे सारून त्या उठल्या आणि टाचणी स्वतःच्या हातानं काढली. पस्तीसावं मिनिट होतं.

सत्तावीस मिनिटं बोट चुकीच्या रस्त्यावर होती. परतीच्या फोनमुळे ते कळलं, नाहीतर सकाळी कळलं असतं. संपल्यावर सगळे गोल करून बसलो, नावं न घेता बोललो. त्या चौघांपैकी एकानं स्वतःहून सांगितलं की मीच पहिल्यांदा बीबी म्हणालो, कारण माझी बहीण तिथे दिली आहे.

"नीळ्ळु वच्चायी" वाला निरोप एका मुलीनं बरोबर पकडला, तिला तेलुगू येत होतं. तिच्या टेबलावर ती नसती तर तो पडून राहिला असता. आता टेबलावर भाषेप्रमाणे माणसं बसवणार.

सकाळच्या पाळीबदलात मात्र गोंधळच झाला. जुन्या पाळीनं काय केलं ते सगळं सांगितलं. काय राहिलंय ते सांगितलंच नाही. चार वस्त्या त्या दहा मिनिटांत हरवल्या. सॉफ्टवेअरमध्ये न मिटलेल्या निरोपांची यादी होती, पण ती उघडायला दोन पानं आत जावं लागत होतं. ही माझी चूक. पाळी बदलताना आता तीच यादी भिंतीवर मोठी दिसेल आणि नवी पाळी ती मोठ्यानं वाचून घेईल.

जुना फेरफार

त्या बाई जेव्हा टाचणी काढायला उठल्या तेव्हा मी शेजारच्या खोलीच्या दारात उभा होतो. मला ती शाळेच्या मैदानातली बोट दिसली.

नावाडी

मी आधी जे लिहिलं ते मागे घेत नाही, बोटी पाहिजेतच. पण पुढच्या वेळी काठावरच्या आमच्या सहा जणांना बोलवा. टेबलावर बसतील.

सीनाकाठ

नक्की, सहाच्या सहा. पुढचा सराव दक्षिण सोलापूरच्या बाजूचा, भीमेच्या फुगवट्याचा. हत्तरसंगकरांनी सांगितल्याप्रमाणे निरोप नव्यानं लिहितोय. एक अडचण आहे: कन्नड आवाजी निरोप अजून झालेले नाहीत. आमच्यात ज्यांना कन्नड येतं त्यांचं पुस्तकी आहे, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. बाईचा आवाज हवा, वयस्कर चालेल. दहा-बारा वाक्यं आहेत.

हत्तरसंगकर

माझी आई. तिला फोनवर बोलायला आवडत नाही, पण हे कशासाठी ते सांगितलं तर तयार होईल. रविवारी रेकॉर्डर घेऊन या. वाक्यं लिहून आणू नका. तिला नुसतं विचारा, की पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तू काय ओरडली होतीस.